विमा कचेरीतून पवईपर्यंत



पवईची आयआयटी मुंबईकरांना परकी नाही. आपले अपत्य तेथे शिकावे, हे कितीतरी मध्यमवर्गीय घरांचे स्वप्न असते आणि त्यासाठी आठवी-नववीपासूनच शिकवणीचे हप्ते सुरू होतात. पण या संस्थांचा मूळ आराखडा ज्या समितीने आखला तिचे अध्यक्ष कोण होते, असे विचारले तर बहुतेक घरांत उत्तर मिळणार नाही. ते होते बंगालचे नलिनीरंजन सरकार. ते अभियंता नव्हते, शास्त्रज्ञ नव्हते. त्यांच्यापाशी पदवीसुद्धा नव्हती. त्यांचा व्यवसाय विम्याचा. आयुष्याची उमेदीची वर्षे विमा कचेरीत घालवून निवृत्त झालेली अनेक मंडळी या सभागृहात बसली आहेत. त्यांच्यासमोर या माणसाचे स्मरण होणे उचितच आहे.

नलिनीरंजनांचा जन्म १८८२ सालचा, मैमनसिंह जिल्ह्यातला. हा भाग आज बांगलादेशात आहे. मॅट्रिक झाल्यावर ते महाविद्यालयात गेले खरे, पण घरच्या ओढगस्तीमुळे शिक्षण अर्धवट सुटले. ते दिवस वंगभंगविरोधी चळवळीचे होते. विदेशी कापडाच्या होळ्या आपल्या स्मरणात आहेत. मात्र त्याच चळवळीतून स्वदेशी विमा कंपन्या जन्मल्या, हे आपण विसरलो. परकीय कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवताना सर्रास ज्यादा हप्ता आकारीत. या अन्यायाला पहिला छेद मुंबईने दिला होता. १८७० साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे म्युच्युअल’ने आपल्या लोकांचा विमा सर्वसाधारण दराने उतरवला. बंगालमध्ये १९०७ साली रवींद्रनाथांच्या जोडासाँको येथील वाड्यातल्या एका खोलीत ‘हिंदुस्थान को-ऑपरेटिव्ह’ विमा संस्था सुरू झाली. १९११ मध्ये नलिनीरंजन तेथे किरकोळ जागेवर नोकरीला लागले. पुढे ते तिचे जनरल मॅनेजर झाले आणि अखेर अध्यक्षही.

या चढणीचे मोल विमा व्यवसायातल्या माणसालाच नेमके कळेल. दुकानदार आज माल देतो आणि आजच पैसे घेतो. विमा कंपनी मात्र आज पैसे घेते आणि वीस-पंचवीस वर्षांनी पाळायचे वचन देते. तोवर तो पैसा सुरक्षित गुंतवायचा, वाढवायचा, आणि ज्या दिवशी एखाद्या घरातला कर्ता पुरुष जातो, त्या दिवशी विनातक्रार परत द्यायचा. त्या काळी कितीतरी लहान कंपन्या उत्साहात निघाल्या आणि बुडाल्या. त्यांच्याबरोबर बुडाली ती गरिबांची पुंजी. ‘हिंदुस्थान’ टिकली, वाढली. स्वदेशीला निष्ठेइतकीच हिशेबाच्या शिस्तीची गरज असते, हे तिने दाखवून दिले.

राजकारणातली त्यांची वाटचाल मात्र इतकी सरळ नव्हती. देशबंधू चित्तरंजन दासांच्या स्वराज्य पक्षात ते वावरले, कोलकात्याचे महापौर झाले. १९३७ मध्ये काँग्रेसबाहेर पडून त्यांनी फजलुल हक यांच्या मंत्रिमंडळात अर्थखाते स्वीकारले आणि १९३९ च्या अखेरीस राजीनामा दिला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये देशभर धरपकड झाली तेव्हाही ते त्या मंडळावर होते. हा आक्षेप झाकण्याचे कारण नाही. त्यांच्या चाहत्यांनाही तो टाळता आलेला नाही. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे एकवीस दिवसांचे उपोषण सुरू झाले आणि सरकार त्यांना सोडीना, तेव्हा तीन सभासदांनी राजीनामे दिले. त्यांपैकी एक होमी मोदी, दुसरे आपल्या यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे आणि तिसरे नलिनीरंजन.

स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले असताना, १९४५ मध्ये, उच्च तंत्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली आणि तिची धुरा त्यांच्याकडे आली. १९४६ च्या अंतरिम अहवालात या समितीने पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा चार दिशांना किमान चार मोठ्या संस्था काढाव्यात, असे सुचवले. अमेरिकेतील एमआयटीसारख्या संस्थेचा नमुना समितीपुढे होता. पदवीवाचून राहिलेल्या माणसाच्या अध्यक्षतेखाली हे ठरावे, यात विलक्षण योग आहे. ज्याचे फळ निदान एका पिढीनंतर मिळणार, अशा कामाला आज पैसा घाला, हे सरकारला सांगायला विमा व्यवसायातल्या माणसाइतका योग्य कोण होता?

पहिली संस्था १९५१ मध्ये खरगपूरजवळ हिजली येथे उभी राहिली. इंग्रजांनी क्रांतिकारकांना डांबण्यासाठी वापरलेल्या बंदीगृहाच्या इमारतीतच तिचे वर्ग भरले. १९३१ साली याच ठिकाणी पहाऱ्यावरील शिपायांच्या गोळीबारात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोन स्थानबद्ध मारले गेले होते.

स्वातंत्र्यानंतर नलिनीरंजन पश्चिम बंगालचे अर्थमंत्री होते. १९५२ मध्ये ते राजकारणातून निवृत्त झाले आणि २५ जानेवारी १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. १९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि दोनशे पंचेचाळीस विमा संस्थांबरोबर ‘हिंदुस्थान’ही महामंडळात विलीन झाली. पश्चिमेची संस्था पवईच्या तलावाकाठी उभी राहिली ती १९५८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी.