एक रचना, दोघींचे वादन



चेलो हे व्हायोलिनचे थोरले भावंड. खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवितात. इंग्रज संगीतकार एल्गार यांची १९१९ सालची चेलो-रचना मी दोघींच्या ध्वनिमुद्रिकांवर ऐकली. बिॲट्रिस हॅरिसन यांनी १९२८ साली ती खुद्द एल्गार यांच्या संचालनाखाली वाजविली. तिची लय चालती आहे. जॅकलिन द्यू प्रे यांनी १९६५ साली, विसाव्या वर्षी, तीच संथपणे आळविली. ऐकताना माझे डोळे भरून आले. १९७३ साली मज्जासंस्थेच्या असाध्य विकाराने त्यांचे वादन थांबले. १९८७ साली त्या वारल्या. मुद्रिका मात्र राहिली.

संधिवाताने माझी पेटी सुटली आणि तिचा एकही स्वर मुद्रित नाही. म्हणून विनंती, आपल्या वडीलधाऱ्या भगिनींची गाणी यंदाच मुद्रित करून ठेवू या.