वैद्याचा हात

व्याधि बरी व्हावी म्हणून मनुष्य रुग्णालयाची पायरी चढतो. परंतु जी व्याधि घरून आणली नाहीं तीच तेथें जडावी आणि प्रसंगीं तिनेंच प्राण घ्यावा, ही आपत्ति जितकी जुनी तितकीच आजचीही आहे. तिचें निवारण कोठून सुरू होतें, हें व्हिएन्ना शहरीं १८४७ सालीं घडलेल्या एका वृत्तान्तावरून उत्तम कळतें.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. रुग्णालय एकच, तरीही १८४६ सालीं पहिल्या विभागांत शेंकडा ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या, तर दुसऱ्यांत शेंकडा ३ सुद्धां नाहींत. बहुतेक मृत्यु सूतिकाज्वरानें होत. शहरांतील गरीब स्त्रियांना हा भेद ठाऊक होता. पहिल्या विभागांत घालूं नका, म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत.

त्या विभागांत इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण हंगेरियन वैद्य सहायक होता. कोणी दूषित हवेला दोष देई, कोणी गर्दीला, कोणी भीतीला. पण हवा दोन्हीकडे सारखी, आणि गर्दी तर दुसऱ्या विभागांतच अधिक! एकेक तर्क ताडून पाहतां तो गळून पडे.

१८४७ च्या मार्चमध्यें सेमेलवाइसचा स्नेही, प्राध्यापक कोलेत्श्का, वारला. शवविच्छेदनाच्या वेळीं एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याच्या प्रेतांत जीं चिन्हें आढळलीं, तींच सूतिकाज्वरानें मेलेल्या स्त्रियांतही आढळत. तेव्हां सेमेलवाइसला उलगडा झाला. विद्यार्थी शवविच्छेदन आटोपून थेट बाळंतिणींकडे येत. साबणानें धुतले तरी त्यांच्या हातांची दुर्गंधि जात नसे. सुइणी शवांना शिवत नसत. मृत्यु हवेंतून येत नव्हता. तो वैद्याच्याच हातावरून येत होता.

मे महिन्यांत त्यानें क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति केली. एप्रिलमध्यें शेंकडा १८ असलेलें मृत्यूचें प्रमाण जून, जुलै व ऑगस्ट ह्या महिन्यांत शेंकडा अडीचच्याही खालीं आलें. पुढें ऑक्टोबरमध्यें गर्भाशयाचा कर्करोग झालेल्या एका स्त्रीला तपासून त्याच हातांनीं इतर बारा जणी तपासल्या गेल्या. त्यांपैकीं अकरा दगावल्या. जिवंत रोग्याकडूनही विष वाहून नेलें जातें, हें त्यावरून सिद्ध झालें. आणि प्रत्येक रोग्यामागें हात धुण्याचा नियम झाला.

एवढें होऊनही अनेक नामांकित वैद्यांनीं तें मानलें नाहीं. मानावें, तर आपल्याच हातून किती माता गेल्या, हेंही कबूल करावें लागे! १८४९ सालीं सेमेलवाइसची मुदत वाढवली गेली नाहीं. त्याचा ग्रंथही १८६१ पर्यंत निघाला नाहीं, आणि निघाला तेव्हां विरोधकांवर तो फार कडवटपणें तुटून पडला. १८६५ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत, चिघळलेल्या जखमेच्या विषबाधेनेंच त्याचा अंत झाला.

आज जंतूंचें शास्त्र सर्वमान्य आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार तातडीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांतील दर १०० रोग्यांपैकीं, संपन्न देशांत ७ जणांना व इतर देशांत १५ जणांना, तेथेंच निदान एक तरी संसर्ग जडतो. निवारणाचे नियम अवघड नाहींत. रोग्याला शिवण्यापूर्वीं व शिवल्यानंतर, जखम किंवा नळी हाताळण्यापूर्वीं, रक्तादि स्रावांशीं संबंध आल्यावर, आणि रोग्याच्या खाटेला वा सामानाला हात लागल्यावर हात स्वच्छ करावे. मद्यार्काचें द्रावण असल्यास २० ते ३० सेकंद, साबणपाणी असल्यास ४० ते ६० सेकंद पुरतात. हातमोजे घातले म्हणून हात धुणें चुकत नाहीं. शिरेंतील वा मूत्रमार्गांतील नळी गरज संपतांच काढावी, कारण तिच्या वाटेनें जंतु आंत शिरतात.

भेटीस येणाऱ्या आप्तांनींही हात धुवावे, रोग्याच्या खाटेवर बसूं नये, आणि स्वतःला ताप-खोकला असल्यास घरींच राहावें. तसेंच, “डॉक्टरसाहेब, हात धुतलेत ना?” असें नम्रपणें विचारण्यास त्यांनीं संकोचूं नये; आणि वैद्यानें त्यांत आपला अपमान मानूं नये. व्हिएन्नांत औषध सांपडलें होतें, त्याला मोलही फारसें पडत नव्हतें. अडलें तें केवळ अभिमानापाशीं.