फिनलंडचा पोरगा आणि विनिपेगची गर्दी



19 ऑक्टोबर 2016 च्या रात्री कॅनडातल्या विनिपेग शहरात आइस हॉकीचा एक सामना झाला. पाहुणा संघ टोरोंटोचा. एका टप्प्यावर यजमान विनिपेग जेट्स चार गोलांनी मागे होते आणि खात्यावर त्यांचा एकही गोल नव्हता. तो सामना त्यांनी जादा वेळेत 5-4 असा जिंकला. त्या पाचांपैकी तीन गोल अठरा वर्षांच्या एका फिनिश मुलाचे होते. वेळ संपायला मिनिटभरही उरलं नसताना बरोबरी साधली ती त्यानं, आणि शेवटचा विजयी गोल केला तोही त्यानंच. या खेळात एकाच खेळाडूनं तीन गोल केले की प्रेक्षक डोक्यावरच्या टोप्या काढून बर्फावर फेकतात. त्या रात्री टोप्यांचा पाऊस पडला. मुलाचं नाव पात्रिक लाइने.

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. ही हॉकी निराळी. मैदान दोनशे फूट लांबीच्या बर्फाचं, भोवती कठडा, पायांत स्केट्स. चेंडूच्या जागी तीन इंच रुंद आणि एक इंच जाड अशी रबराची चकती, तिला पक म्हणतात. एका वेळी एका बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. वेग इतका की फॉरवर्ड पाऊण मिनिटभर जीव तोडून खेळतो आणि कठड्यावरून उडी मारून बाकावर येतो, त्याच क्षणी त्याच्या जागी दुसरा उतरतो. नियमांबद्दल एवढं पुरे. मला बोलायचं आहे ते टोप्या फेकणाऱ्यांबद्दल.

एखादा होतकरू पोरगा दिसला की चाहते वेडे होतात, हे सगळ्याच खेळांत घडतं, आणि जाणकार म्हणवणारे लोक त्या वेडाला उथळ ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्या उत्साहात मुलाचं कौशल्य जेवढं असतं, तेवढाच त्या गावाचा भूतकाळ असतो. लाइनेवर विनिपेगनं का जीव टाकला हे समजून घ्यायचं तर आधी विनिपेग समजून घ्यायला हवं.

मॅनिटोबा प्रांताच्या सपाट माळावरचं हे शहर. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांवर जाणं तिथं नवलाचं नाही. टोरोंटो, माँट्रियल, न्यूयॉर्क यांच्यापुढे लहान गाव, आणि नॅशनल हॉकी लीगच्या सर्वांत छोट्या बाजारपेठांपैकी एक. पण युरोपातले खेळाडू आणून त्यांच्यावर विश्वास टाकण्याची रीत या गावानं फार लवकर स्वीकारली. 1974 साली, युरोपियन खेळाडू म्हणजे नाजूक, मार खाल्ला की पळणारे, असा समज उत्तर अमेरिकेत घट्ट रुजलेला असताना, जेट्सनी स्वीडन आणि फिनलंडमधून खेळाडूंचा जथाच आणला. वेली-पेक्का केतोला आणि हेइक्की रीहिरांता हे दोन फिन त्यांतलेच. तेव्हा जेट्स दुसऱ्या, प्रतिस्पर्धी लीगमध्ये खेळत होते.

मग आला तेमू सेलान्ने. नव्या खेळाडूंच्या निवडीत जेट्सनी त्याला 1988 साली दहाव्या क्रमांकावर घेतलं होतं, पण तो आला 1992 मध्ये. मधल्या वर्षांत तो हेलसिंकीच्या योकेरित संघाकडून खेळला, लष्करी सेवा केली, आणि बालवाडीत मुलांना सांभाळण्याचं कामही केलं. बालवाडीतला हा तरुण विनिपेगला आला आणि पहिल्याच हंगामात त्यानं 76 गोल केले. त्याआधी नवोदिताचा विक्रम माइक बॉसीचा, 53 गोलांचा होता. 2 मार्च 1993 रोजी क्यूबेकविरुद्ध तीन गोल करून सेलान्नेनं तो मोडला. मग हातमोजा वर हवेत उडवला आणि काठी बंदुकीसारखी धरून त्याच्यावर नेम धरला. जुन्या विनिपेग अरीनात राणी एलिझाबेथची भली थोरली तसबीर टांगलेली असे. तिच्याखाली बसलेल्यांनी ते दृश्य आयुष्यभर जपलं. 76 गोलांचा तो विक्रम आजही अबाधित आहे.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. कॅनडाचा डॉलर घसरत होता आणि खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये द्यावे लागत होते. छोट्या गावाला ते पेलेना. 1995 साली संघ वाचवण्यासाठी हजारो लोक रेड आणि असिनिबॉइन नद्यांच्या संगमावर जमले, वर्गण्या गोळा झाल्या, लहान मुलांनी आपले गल्ले फोडून पैसे दिले. संघ एक हंगाम टिकला. फेब्रुवारी 1996 मध्ये सेलान्नेला अनाहाइमला देऊन टाकलं आणि त्याच वर्षी सगळा संघच उचलून फीनिक्सला, वाळवंटात नेला. पंधरा वर्षं विनिपेगमध्ये नॅशनल हॉकी लीगचा संघ नव्हता. 2011 साली अटलांटाचा संघ विकत घेऊन पुन्हा जेट्स उभे राहिले, तेव्हा हंगामाच्या तिकिटांची खुली विक्री सुरू होताच काही मिनिटांत संपली. आणि त्याच डिसेंबरात अनाहाइमच्या गणवेशात, म्हणजे प्रतिस्पर्धी म्हणून, सेलान्ने विनिपेगला आला तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं. माणूस दुसऱ्या संघाचा झाला होता, पण लोकांच्या लेखी तो घरचाच होता.

अशा गावात लाइने आला. त्याच्याही येण्याला एक कथा आहे. या लीगमध्ये नवा खेळाडू आपला क्लब निवडत नाही, क्लब त्याला ड्राफ्टमध्ये निवडतो. तळाच्या संघांना आधी संधी मिळते, पण नेमका क्रम सोडतीनं ठरतो. एप्रिल 2016 च्या सोडतीत जेट्स सहाव्या जागेवरून एकदम दुसऱ्या जागेवर आले. पहिला येणार अमेरिकेचा ऑस्टन मॅथ्यूज, हे जवळपास ठरलेलं. म्हणजे दुसरा लाइने. गोल करणारा, उंचापुरा, पुन्हा फिनिश आणि पुन्हा विनिपेगला! लोकांनी मनातल्या मनात धागा जोडला, आणि तो जोडल्याबद्दल त्यांना दोष देणं मला जमत नाही.

तोवर लाइनेनं केलंही होतं तसंच. टाम्पेरेचा हा मुलगा लहानपणी गोलरक्षक होता, फॉरवर्ड नंतर झाला. गोलरक्षकाला कुठे पोचायला उशीर होतो हे त्याला आतून ठाऊक असावं, असं त्याचा फटका पाहताना मला नेहमी वाटतं. जानेवारी 2016 मध्ये हेलसिंकीत वीस वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा झाली. लाइने, सेबास्तियन आहो आणि येस्से पुल्युयार्वी अशी फिनलंडची आघाडीची फळी होती. अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध जादा वेळेत कास्पेरी कापानेननं गोलपोस्टला वळसा घालून पक आत सारला आणि घरच्या लोकांसमोर सुवर्ण मिळालं. वसंतात लाइनेनं तप्पारा क्लबला फिनिश लीगचं विजेतेपद मिळवून दिलं आणि बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मे महिन्यात रशियात मोठ्यांची जागतिक स्पर्धा झाली, फिनलंड अंतिम फेरीत कॅनडाकडून हरला, पण स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती अठरा वर्षांच्या या पोराची.

फिनलंड हा जेमतेम पंचावन्न लाखांचा देश. इतक्या थोड्या माणसांतून इतके खेळाडू कसे, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे, आणि त्याचं उत्तर मला तिथल्या क्लबांत दिसतं. टाम्पेरेत तप्पारा आणि इल्वेस असे दोन मोठे क्लब, दोघांचं हाडवैर, आणि दोघांकडेही सहा-सात वर्षांच्या पोरांपासून संघ. पोरं कमी असल्यामुळे एकालाही वाया घालवणं परवडत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात तरुण संघ मागे पडू लागले तेव्हा तिथल्या हॉकी संघटनेनं दोष खेळाडूंना न देता शिकवण्याच्या पद्धतीला दिला, आणि गावोगावच्या क्लबांत कौशल्य शिकवणारे प्रशिक्षक पगार देऊन नेमले. 2014, 2016 आणि 2019 या तीन वर्षांत फिनलंडनं वीस वर्षांखालचं सुवर्ण मिळवलं. चाहत्यांच्या डोळ्यांत भरतो तो एक मुलगा, पण त्याच्यामागे पहाटे बर्फावर उभे राहिलेले शेकडो प्रशिक्षक असतात. टाळ्या त्यांच्याही आहेत.

फिनिश चाहत्यांची चिकाटी तर मला विलक्षण वाटते. विनिपेगमध्ये संध्याकाळी सातला सामना सुरू होतो तेव्हा फिनलंडमध्ये पहाटेचे तीन वाजलेले असतात. आपला पोरगा सातासमुद्रापार कसा खेळतोय हे पाहायला माणसं गजर लावून उठतात आणि सकाळी तशीच कामावर जातात.

लाइनेचा पहिला हंगाम 36 गोलांचा. मध्ये बफेलोविरुद्ध जबर टक्कर बसून मेंदूला धक्का पोचला, तरी एवढे. दुसऱ्या हंगामात 44 गोल, लीगमध्ये अलेक्सांडर ओव्हेच्किनच्या खालोखाल. 2018 च्या त्या वसंतात विनिपेगच्या रस्त्यांवर पांढरे कपडे घातलेल्या हजारो लोकांनी बाद फेरीचे सामने मोठ्या पडद्यावर पाहिले आणि संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सेंट लुइसविरुद्ध त्यानं पाच फटक्यांत पाच गोल केले. त्या एका महिन्यात 18 गोल! सेलान्ने परत आला, याबद्दल विनिपेगमध्ये तेव्हा क्वचितच कुणाला शंका असेल.

आणि त्या अख्ख्या हंगामात गोल किती झाले? 30. म्हणजे नोव्हेंबर सोडला तर उरलेल्या साऱ्या महिन्यांत मिळून 12.

इथं चाहत्यांची खरी परीक्षा सुरू होते. लाइनेचं शस्त्र एक होतं: बर्फावर आखलेल्या डाव्या वर्तुळात उभं राहून, आलेला पक न थांबवता मारलेला फटका. प्रतिस्पर्धी ती जागा झाकायला शिकले. मग उरलेला खेळ, म्हणजे मागे धावणं, कठड्यालगतची झटापट, हे लोकांच्या नजरेला खुपू लागलं. जानेवारी 2021 मध्ये जेट्सनी त्याला कोलंबसला दिलं. तिथं दुखापतींनी पाठ सोडली नाही, त्याचे वडील वारले, आणि 2024 च्या सुरुवातीला मानसिक आरोग्यासाठी मदत घेण्याकरता तो खेळापासून दूर झाला. हे त्यानं उघडपणे सांगितलं. त्या धैर्याचं मोल मी त्याच्या 44 गोलांहून कमी मानत नाही.

हे त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलं असंही नाही. टुर्कूच्या कापो काक्कोनं 2019 च्या जानेवारीत तरुणांच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत विजयी गोल केला आणि मे महिन्यात ब्रातिस्लाव्हात, अठराव्या वर्षी, मोठ्यांचं जागतिक सुवर्णही मिळवलं. जूनमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. मधुमेह आणि सीलिअ‍ॅक या दोन व्याधी सांभाळत हा मुलगा खेळतो. पहिल्या हंगामात 66 सामन्यांत 10 गोल झाले आणि लगेच निराशेचा सूर लागला. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, परका देश, युरोपाहून अरुंद मैदान, जिथं विचार करायला क्षणभर कमी मिळतो. एवढं सगळं एका हिवाळ्यात त्यानं पचवावं ही अपेक्षा मला क्रूर वाटते.

अलेक्सांदर बार्कोवचं उदाहरण मला यासाठीच महत्त्वाचं वाटतं. तोही टाम्पेरेचा, तप्पाराचा, आणि 2013 साली दुसऱ्याच क्रमांकावर निवडलेला. फ्लोरिडानं त्याला घेतलं तेव्हा तिथली प्रेक्षागृहं निम्मी रिकामी असत. पहिल्या हंगामात 8 गोल, वर सोची ऑलिंपिकमध्ये गुडघा दुखावला. पण गवगवा करणारं कुणी नव्हतं, म्हणून घाईही कुणाला नव्हती. तो सावकाश वाढला, गोल करण्याइतकंच गोल अडवण्यातही पटाईत झाला, 2018 मध्ये कर्णधार झाला. जून 2024 मध्ये एडमंटनविरुद्ध सातवा, निर्णायक सामना 2-1 असा जिंकल्यावर स्टॅन्ली कप, म्हणजे या लीगच्या विजेतेपदाचा चषक, उचलणारा तो पहिला फिनिश कर्णधार ठरला. पुढच्या वर्षी त्यानं तो पुन्हा उचलला.

मग काय, चाहत्यांनी उत्साह आवरावा का? फ्लोरिडासारखी रिकामी बाकं बरी, असं म्हणायचं का? माझं उत्तर ठाम नाही असं आहे. विनिपेगच्या लोकांनी गल्ले फोडून दिलेले पैसे, पंधरा वर्षं राखलेली आस, बर्फावर भिरकावलेल्या टोप्या, यांशिवाय हा खेळ नुसता धंदा उरेल. लाइनेनंही त्या गर्दीकडून बळ घेतलेलं आपण पाहिलं आहे. मागायचंच असेल तर चाहत्यांकडे एवढंच मागावं, की दुसऱ्या आणि तिसऱ्या हिवाळ्यातही त्या मुलाचे सामने तितक्याच लक्ष देऊन पाहा. तो मागे धावायला शिकतोय का, पक गेल्यावर कुठे उभा राहतोय, हे बघा. गोलांच्या तक्त्यात ते दिसत नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये लाइने माँट्रियलला गेला. हंगामापूर्वीच्या सराव सामन्यात गुडघा दुखावला आणि पुन्हा दोन महिने बाहेर. 3 डिसेंबरला तो न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्ध उतरला, आणि प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसल्यामुळे संघाकडे एक खेळाडू जास्त असताना त्यानं आपला जुना फटका मारून गोल केला. सामना माँट्रियलनं जादा वेळेत 2-1 असा जिंकला. त्या हंगामात 52 सामन्यांत त्याचे 20 गोल झाले, त्यांतले 15 तशाच, एक खेळाडू जास्त असतानाच्या खेळात. बाकीच्या वेळी तो मंद पडतो, ही तक्रार माँट्रियलच्या लोकांनी मोकळेपणानं केली, आणि त्याच लोकांनी त्याच्या नावाचा गजरही केला. मला ते प्रेक्षक आवडले.