उघडं बोअर कुणाचं?

आज हप्त्याचं आणि व्याजाचं बोलायचं नाही. आज बोलायचंय ते गावच्या जागेत उघड्या पडलेल्या बोअरबद्दल.

साताऱ्याकडचं माण-खटाव घ्या, नाहीतर सांगलीकडचं आटपाडी-जत. बोअर मारलं, कोरडं गेलं, की गाडी पुढच्या गावाला निघून जाते. मागं भोक राहतं. वर एखादं गोणपाट आणि त्यावर दगड. शाळेमागं, देवळाच्या आवारात, गावठाणात आपण त्याच्या शेजारून रोज जातो. हापसा दुरुस्तीला काढला तरी तेच. भोक जेमतेम वीतभर, म्हणून मोठ्या माणसाला त्याचं भय वाटत नाही. लहान लेकरू मात्र त्यातून सरळ खाली जातं.

मार्च २०२३ मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत ऊसतोड मजुराचं पाच वर्षांचं लेकरू असंच उघड्या बोअरमध्ये पडलं आणि दगावलं. असं कुठंही घडलं की पहिला प्रश्न ठरलेला: आईचं लक्ष कुठं होतं? आई फडात असते, रोजगारावर असते, पाण्याला गेलेली असते. पण भोक उघडं कुणी ठेवलं, हे विचारायला कुणी पुढं येत नाही. आम्हाला तो प्रश्न लेकरू पडायच्या आधी विचारायचा आहे.

त्याचं उत्तर कागदावर आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगून ठेवलंय. बोअरच्या तोंडावर लोखंडी झाकण पक्कं बसवायचं, भोवती सिमेंटचा ओटा करायचा. पंप दुरुस्तीला काढला तरी तोंड उघडं ठेवायचं नाही. बंद पडलेलं बोअर माती, वाळू, दगड टाकून तळापासून वरपर्यंत भरायचं. गावात हे होतं की नाही, हे बघायची जबाबदारी सरपंचांवर आणि कृषी खात्याच्या अधिकाऱ्यावर आहे. जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर. तेव्हा गोणपाट आणि दगड म्हणजे बंदोबस्त नव्हे.

आमच्या गटातल्या बायकांनी एका गावात फिरून पाहिलं, तर सरकारी जागेत तीन बोअर उघडी निघाली. एक तर अंगणवाडीच्या मागंच. तोंडी सांगून झालं होतं, "बघू" हेच उत्तर मिळत होतं. मग अर्ज लिहिला. बोअर कुठं आहे, किती दिवस उघडं आहे, जवळ काय आहे, सगळं लिहून फोटो जोडला. दोन प्रती केल्या, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय कुणी उठलं नाही. एवढ्या एका शिक्क्यानं बोलणं बदलतं, कारण उद्या "आम्हाला माहीतच नव्हतं" असं कुणाला म्हणता येत नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, हा कायदाच आहे. तिथं हा विषय इतिवृत्तात लिहून घेतला. हातात वही असलेली बाई शेजारी बसवा, नाहीतर विषय बोलला जातो आणि लिहिला जात नाही.

तरीही हालचाल नसेल तर दोन वाटा आहेत. एक माहिती अधिकाराची: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून विचारायचं, आमच्या अर्जावर काय केलं? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दुसरी प्रांतांची. सार्वजनिक जागेलगतचा खड्डा किंवा विहीर धोक्याची असेल तर तिथं कुंपण घालायचा आदेश ते काढू शकतात. पूर्वी हे फौजदारी संहितेच्या कलम १३३ मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे.

"निधी नाही" हे उत्तर तर तयारच असतं. रतलामच्या नगरपालिकेनंही गटारांच्या बाबतीत हेच सांगितलं होतं. लोक याच कलमाखाली गेले आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पैशाची सबब मान्य केली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रस्त्यावरचे खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर सहा लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. झाकण आणि दोन पोती सिमेंट याला किती लागतं, याचा हिशोब आपल्या गटाची कुठलीही खजिनदार करून देईल.

आमच्या तीनपैकी अंगणवाडीमागचं बोअर भरलं गेलं. दुसऱ्याला झाकण बसलंय, पण ओटा नाही, म्हणून तो अर्ज आम्ही मिटलेला धरत नाही. तिसऱ्याची जागा पंचायतीची की दुसऱ्या खात्याची, यावर दोन कार्यालयं एकमेकांकडं बोट दाखवतायत. अर्जाची एकेक प्रत दोघांकडं दिलीय, शिक्के घेतलेत. येत्या सोमवारी सहाजणी प्रांतांकडं निघणार आहेत.