शरदातले जेवण : थोडी आखणी, थोडा विसावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोल अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, आणि नकार देण्याची सोय राहू नये म्हणून त्यांनी विषयही हातात दिला. शरद ऋतूतील साधे जेवण व त्याची आखणी. मी काही आहारशास्त्र शिकलेली नाही. बावीस वर्षे शाळेत शिकवले आणि त्याच काळात पाच माणसांचे घर चालवले, एवढीच माझी पात्रता. तेव्हा मी सांगेन ते घरात वापरून पाहिलेले असेल. तुमचा अनुभव वेगळा असला, तर चहाच्या वेळी मला जरूर अडवा.

आपल्याकडे आश्विन व कार्तिक हे शरदाचे महिने. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस महाराष्ट्रातून माघार घेतो, आभाळ निवळते, जमीन मात्र ओली असते आणि वर ऊन तापते. याच उकाड्याला आपण 'ऑक्टोबर हीट' म्हणतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहाव्या अध्यायात ऋतूंप्रमाणे आहार सांगितला आहे. पावसाळ्यात साठलेले पित्त शरदाच्या उन्हाने खवळते, म्हणून या दिवसांत गोड, कडवट, हलके व थंड असे खावे, तांदूळ, जव, गहू वापरावेत आणि तेलकट व दही टाळावे, असे तेथे म्हटले आहे. शास्त्र बाजूला ठेवले तरी जळजळ, डोकेदुखी आणि उतरलेली भूक या दिवसांत घरोघरी दिसतात, हे आपण पाहतोच.

आता गंमत पाहा. ज्या दिवसांत पोटाला हलके हवे, नेमकी त्याच दिवसांत घरातल्या बाईच्या अंगावर सर्वांत जड कामे येतात. घटस्थापना, नऊ दिवसांचे उपास, हादगा-भोंडल्याची खिरापत, दसरा, कोजागरी, मुलांची सहामाही परीक्षा, दिवाळीची साफसफाई आणि त्यावर फराळ. ज्यांना नोकरी आहे त्यांची कचेरी काही बंद राहत नाही. अशा वेळी रोज सकाळी साडेपाचला 'आज काय करू?' हा प्रश्न उभा राहतो. घरात विचारावे तर उत्तर मिळते, "कर काहीही." आणि ते काहीही पानात पडले, की "हे केलंस होय?" असा सूर ऐकू येतो!

भगिनींनो, हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. माझ्या धाकट्या जाऊबाईंचे उदाहरण सांगते. त्या नवरात्रात नऊ दिवस उपास करीत. उपास म्हणजे सकाळी चहा, दुपारी घरच्यांचे आटोपल्यावर उरलेली साबुदाण्याची खिचडी, पुन्हा चहा आणि रात्री एखादे केळे. मी म्हटले, "अगं, थोडं दूध तरी घे." तर म्हणायच्या, "ताई, देवीच्या दिवसांत एवढं चालायचंच." एका दसऱ्याला त्या ओट्यापाशीच घेरी येऊन बसल्या. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठाच्या जरासे वर निघाले. बाईच्या रक्तात ते बारापेक्षा कमी असले की त्याला पंडुरोग म्हणतात. डॉक्टरांनी सांगितले, हे नऊ दिवसांचे दुखणे नव्हे, कित्येक वर्षांचे आहे. उपासाने ते फक्त उघडे पाडले.

जाऊबाई काही एकट्या नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शंभरात ५७ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. म्हणजे या सभागृहातल्या प्रत्येक रांगेत निम्म्याहून अधिक. म्हणून जेवणाची आखणी करताना माझी पहिली अट अशी, की रांधणारीच्या पानात सगळे पदार्थ पडले पाहिजेत, आणि ते इतरांबरोबर, गरम असताना पडले पाहिजेत. ही अट पाळायची तर स्वयंपाक आटोपशीर हवा.

आधी बाजार पाहू. या दिवसांत मंडईत दोडका, दुधी, पडवळ, घोसाळी, भेंडी, तोंडली, कारली, लाल भोपळा, काकडी अशी वेलावरची भाजी असते. अंबाडी, माठ, अळू मिळतात. खरिपाच्या ओल्या भुईमुगाच्या शेंगा येतात, नवा मूग येतो, बाजरी येते. फळांत सीताफळ व पेरू, आणि कार्तिकाच्या सुमारास आवळा. यातल्या बहुतेक भाज्या पाणीदार, पचायला हलक्या व लवकर शिजणाऱ्या आहेत. म्हणजे ऋतूला जे हवे तेच मंडईत स्वस्त मिळते. फ्लॉवर व मटार थंडीत स्वस्त होतील तेव्हा घ्यावेत. आज त्यांच्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

आता आखणी. माझा नियम चारांचा आहे. दिवसातून एकदा तरी पानात चार गोष्टी हव्यात : एक पोळी, भाकरी किंवा भात, एक डाळ किंवा कडधान्य, एक शिजलेली भाजी, आणि एक कच्चे, म्हणजे कोशिंबीर, फळ किंवा नुसती लिंबाची फोड. या चारांपैकी दोहोंची तयारी आदल्या रात्री झालेली असावी. मूग भिजलेला, भाजी निवडलेली, शेंगदाण्याचे कूट डब्यात. सकाळी मग हात चालतात, डोके शांत राहते.

रविवारी एक तास याच कामाला द्यावा. दीड वाटी मूग आणि दीड वाटी मटकी भिजत घालावी. आठ तासांनी निथळून फडक्यात बांधली, की या उकाड्यात दुसऱ्या दिवशी मोड तयार. तेवढ्यात चार माणसांना एकेक वेळची उसळ भरपूर होते. एकीकडे दाण्याचे कूट, चिंचेचा कोळ व एक कोरडी चटणी करून ठेवावी. पालेभाजी निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळावी. ती ओली ठेवू नये, कुजते. महिन्यातून एकदा थालीपिठाची भाजणी करावी. ज्वारी चार वाट्या, बाजरी दोन, गहू, तांदूळ, हरभऱ्याची डाळ व उडीद प्रत्येकी एक, धणे अर्धी वाटी; सगळे वेगवेगळे भाजून दळून आणावे. भाजणीचा डबा भरलेला असला, की अचानक आलेला पाहुणा आणि उशिरा सुटलेली कचेरी या दोन्ही संकटांतून निभावते.

आमच्या घरी आठवडा साधारण असा जातो. सोमवारी मोडाच्या मुगाची उसळ, पोळी आणि काकडीची कोशिंबीर. रात्री मऊ भात, मेतकूट व तूप. मंगळवारी मूगडाळ घालून दोडक्याची भाजी, आणि दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी. एका भाजीत दोन पदार्थ होतात. बुधवारी मेथीदाण्याच्या फोडणीवर लाल भोपळा व वरण-भात. त्याच भोपळ्याचा थोडा कीस बाजूला काढला, की गुरुवारी डब्यात घारगे देता येतात. गुरुवारी रात्री एक वाटी तांदळाला पाऊण वाटी मूगडाळ घालून खिचडी, सोबत ताकाची कढी. शुक्रवारी ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ घालून अंबाडी आणि कांदा. शनिवारी मटकीची उसळ, आणि निवांतपणा असतो म्हणून कारल्याच्या काचऱ्या. कडवट भाजी मुले खात नाहीत हे खरे, पण वडिलांनी तक्रार न करता खाल्ली तर चार आठवड्यांत मुलेही दोन काचऱ्या घेतात. रविवारी दुपारी सगळ्यांच्या आवडीचे काहीतरी, आणि संध्याकाळी मीठ घालून उकडलेल्या ओल्या शेंगा व थालीपीठ. त्या रात्री वेगळा स्वयंपाक नाही!

हे वेळापत्रक भिंतीवर लावावे. लावल्याने काय होते? 'आज काय करू?' हा प्रश्न आठवड्यातून एकदाच पडतो. आणि दुसरे असे, की ते घरातल्या कोणालाही वाचता येते.

दोन गोष्टी आरोग्याच्या. जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या चहा घेऊ नये. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही, म्हणून मध्ये तासाभराचे अंतर असावे. उलट उसळीवर लिंबू पिळले किंवा जेवणात आवळा, पेरू असला, तर ते लोह अधिक शोषले जाते. दुसरी गोष्ट उरलेल्या भाताची. या उकाड्यात रात्रीचा भात ओट्यावर तसाच ठेवून सकाळी फोडणीला टाकणे बरे नव्हे. भातात असे जंतू असतात की ते शिजवूनही पुरते मरत नाहीत, आणि उबेत वाढून जे विष सोडतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. भात उरलाच तर पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा.

आता उपास. उपास सोडा, असे मी म्हणणार नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यावर नऊ दिवस राबायचे, तर सोबत ताकद देणारे काही हवे. राजगिऱ्यात प्रथिने व लोह दोन्ही आहेत, तेव्हा राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू असावा. वरीच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी असावी. दूध, ताजे ताक, फळ, भोपळ्याची भाजी ही उपासाला चालतातच. आणि ज्यांच्या रक्तात कमी आहे, ज्यांना दिवस गेले आहेत किंवा ज्यांना मधुमेहाची औषधे चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून उपास करू नये. आमच्या जाऊबाई आता घट बसताना आणि उठताना असे दोनच उपास धरतात. देवी रागावल्याचे अद्याप कळलेले नाही.

दिवाळीच्या फराळाबद्दल एक सूचना मंडळापुढे ठेवते. प्रत्येक घरी सात पदार्थ थोडे थोडे करण्यापेक्षा शेजारच्या पाच घरांनी एकेक पदार्थ जास्त करून वाटून घ्यावा. कढई एकदाच तापते आणि प्रत्येकीच्या हातची चव सर्वांना मिळते. चिवडा, शंकरपाळे, लाडू टिकतात, ते आधी करावेत. ओल्या नारळाच्या करंज्या टिकत नाहीत, त्या अगदी शेवटी.

आता थोडे कटू बोलते. शरदात कडू चालते, असे चरकाचार्यच म्हणतात! २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी झाली. तीत असे दिसले, की घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. त्यातही दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच. म्हणून मी म्हणते, की आखणी कितीही उत्तम असली तरी ती एकटीनेच पार पाडायची असेल, तर ते ओझ्याचे नुसते नीट बांधलेले गाठोडे होईल. शेंगा सोलणे, मूग निथळणे, कोशिंबीर कालवणे, कुकर लावणे, पाने घेणे, ही कामे दहा वर्षांच्या मुलाला येतात आणि पन्नास वर्षांच्या गृहस्थांनाही येतील. आमच्याकडे वेळापत्रकात पदार्थासमोर करणाऱ्याचे नाव लिहितात. पहिले दोन महिने कुरकुर झाली. आता शनिवारची काचरी यजमान करतात, आणि ती माझ्यापेक्षा कुरकुरीत होते असे सर्वांना सांगत फिरतात. मी ते कबूल करते. त्यात माझे काहीच जात नाही.

पंधरा दिवसांनी घट बसतील. त्याआधी प्रत्येकीने दोन कामे करावीत, अशी माझी विनंती आहे. एक, वहीच्या पानावर आपल्या घराचा आठवडा लिहून तो स्वयंपाकघरात लावावा. दुसरे, जवळच्या दवाखान्यात जाऊन आपले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. मंडळाने पुढच्या सभेत या दोहोंची चौकशी करावी. वहीचे पान दाखवणारीला मी माझ्या भाजणीचा एक डबा देईन, आणि तपासणी करून येणारीला दोन!

 बाहेर चहा तयार आहे, पण जेवणाला तासभर अवकाश आहे, याची मी आधीच खात्री करून घेतली आहे.