जिन्याखालचा कारखाना

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'सायकल आणि पर्यावरण'. पर्यावरणावर मी बोलणार नाही, कारण त्यासाठी मी कधी सायकल चालवलेली नाही. मला स्कूटर नीट जमली नाही, हे खरं कारण आहे. पुढे जमली तेव्हा सायकलची सवय झाली होती. आयुष्यभर कंपनीत मेंटेनन्स खात्यात काढलं, त्यामुळे एखादी वस्तू कुरकुरायला लागली की हात शिवशिवतात. बी-विंगच्या जिन्याखाली माझी पेटी, पक्कड, पाने आणि जुनी चाकं असायची. त्याला तुम्ही 'जिन्याखालचा कारखाना' म्हणता हे मला ठाऊक आहे. फायर ऑडिट झाल्यापासून हा कारखाना पंपरूमच्या मागे हलवलाय. नाव मात्र तेच राहिलं.

१९९८ साली आपण इथे राहायला आलो तेव्हा बिल्डरने गेटजवळ लोखंडी नळ्यांचा सायकल स्टँड करून दिला होता. नंतर त्याने काय काय करून दिलं नाही, तो विषय आज नको. पण स्टँड दिला. पहिल्या वर्षीच्या सभेत तक्रार होती की स्टँडला जागा पुरत नाही, लोक सायकली जिन्यात लावतात. तेव्हा आपल्याकडे चारचाक्या किती होत्या आठवतंय? सात. आज कोणाला विचारू नका, भांडणं होतील.

सायकलवाल्याचं रोजचं आयुष्य कसं असतं ते थोडं सांगतो. पहिली गोष्ट, साठी उलटलेला माणूस सायकलवर दिसला की लोकांना दोनच शक्यता सुचतात. एक, 'गाडी बंद पडली का?' आणि दुसरी, 'डॉक्टरांनी सांगितलंय वाटतं?' मी पौड रोडवर भाजी आणायला चाललोय, असं सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. हीच सायकल हेल्मेट, चष्मा आणि घट्ट चड्डी घालून सकाळी सहाला सिंहगडाच्या दिशेने नेली की मात्र 'वा!' म्हणतात. पिशवी अडकवली की माणूस गरीब, बाटली अडकवली की खेळाडू.

दुसरी गोष्ट, सायकल लावायची जागा. मोठमोठ्या दुकानांच्या दारात शिट्टीवाला माणूस असतो. तो म्हणतो, "काका, सायकल इथे अलाउड नाही." मग कुठे अलाउड आहे? त्याला माहीत नसतं. त्याचा दोष नाही, त्याला दुचाकी आणि चारचाकी अशा दोनच पावत्या दिलेल्या असतात. मी एकदा म्हणालो, दोन चाकं मोजा आणि दुचाकीची पावती द्या. तो म्हणाला, नंबर सांगा!

तिसरी गोष्ट, पावसाळी गटारांवरच्या जाळ्या. गाडीवाल्यांना त्या कधी दिसत नाहीत, कारण रुंद टायर सहज वरून जातं. आपल्या चौकातल्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या होत्या, म्हणजे दोन पट्ट्यांमधली फट बरोबर सायकलच्या चाकाएवढी आणि चाकाच्याच दिशेत. २०१४ च्या जूनमध्ये माझं पुढचं चाक त्यात गेलं. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. जाळी आडवी फिरवा, एवढाच अर्ज मी केला. बऱ्याच फेऱ्या झाल्या आणि अखेर फिरवली. त्याच दिवशी शेजारचं चेंबरचं झाकण दोन इंच वर बसवलं. असो.

सायकलींचं शहर म्हणून पुण्याचं नाव होतं, हे मुलांना आता खोटं वाटतं. २००६ मध्ये सातारा रस्त्यावर बीआरटी आली तेव्हा सायकल ट्रॅकही आले. मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. ट्रॅक छान, पण मध्येच झाड, मध्येच डीपी, पुढे भेळेची गाडी. २०१७ च्या शेवटी फोनवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशाही झाल्या. सायकली बघायच्याच असतील तर आपल्या जवळ कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, नातवंडांना जरूर न्या. पण सायकल संग्रहालयात जायच्या लायकीची झाली आहे, हे काही माझ्या मनाला पटत नाही.

आता मुलांसाठी थोडं कारखान्यातलं. सायकल बिघडली की आधी पाना हातात घ्यायचा नाही, कान द्यायचा. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक्' होत असेल तर दोष पायडलमध्ये, क्रँकमध्ये किंवा जुन्या सायकलीत कॉटर पिनमध्ये. चाकाच्या फेऱ्याला एकदा घासत असेल तर चाकाला आऊट आहे. हा फरक कळला की निम्मी दुरुस्ती झाली. आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे पाठ करून ठेवा. मी चौदा वर्षांचा असताना वडिलांच्या सायकलचं डावं पायडल काढायला गेलो. निघेना म्हणून पान्यावर पाइप घालून जोर लावला. जितका जोर लावला तितकं ते घट्ट होत गेलं आणि शेवटी क्रँकचे आटे गेले. वडील रागावले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी चालत ऑफिसला गेले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलींच्या दुकानापासून, हे कळलं तेव्हा मला जरा धीर आला. वाटलं, त्यांच्याही हातून एखादा आटा गेला असेल.

आता जे बोलायला मी खरं उभा राहिलोय ते सांगतो. ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्या वहिनी पुढच्याच रांगेत बसल्या आहेत, त्यांना विचारूनच सांगतोय.

२०१२ साली मी कमिटीत जॉइंट सेक्रेटरी होतो. पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकली वाढल्या होत्या. ठराव झाला, 'बेवारस सायकलींची विल्हेवाट लावणे.' पंधरा दिवसांची नोटीस बोर्डावर लावली. नोटिशीवर सही माझी. सोळाव्या दिवशी भंगारवाला आला आणि सतरा सायकली वजनावर घेऊन गेला. तीन हजार चारशे रुपये आले. त्या वर्षीच्या अहवालात 'किरकोळ उत्पन्न' या सदराखाली ते सापडतील, हिशेब चोख आहे.

त्या सतरांत तळमजल्यावरच्या नानांची सायकल होती. हिरवी, चोवीस इंची, रॉड ब्रेकची. नाना पोस्टात होते, निवृत्त होईपर्यंत त्याच सायकलवर ऑफिसला गेले. आदल्या वर्षी ते वारले. तेव्हापासून सायकल मीटर रूमच्या भिंतीला टेकून उभी होती. दोन्ही चाकं बसलेली, सीटवर बोटभर धूळ. ती कोणाची आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिचं चाक मी चार वेळा सरळ केलं होतं. पण त्या दिवशी टेम्पोत माल भरत होते, मी वहीत आकडे लिहीत होतो, आणि नोटीस दिलेली होती. वहिनी तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला. बोर्डावरची नोटीस नागपुरातून दिसत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. की आलं आणि मी बाजूला सारलं, हे आज मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

दोन महिन्यांनी वहिनी परत आल्या. दुसऱ्याच दिवशी जिन्यापाशी भेटल्या आणि म्हणाल्या, "भावजी, ह्यांची सायकल दुरुस्तीला घेतलीत का? जागेवर दिसली नाही."

मी म्हणालो, "हो."

का म्हणालो ते मला माहीत नाही. तोंडातून गेलं. मग धावपळ सुरू. भंगारवाल्याकडे गेलो, तो म्हणाला माल कधीच पुढे गेला. बुधवार आणि रविवार असे जुन्या बाजारात खेपा घातल्या. एकदा तशीच हिरवी दिसली, पण ती बावीस इंची होती. घेऊन रंग देऊन उभी करावी, हा विचार मनात आला होता, खोटं कशाला बोलू? पण ज्या बाईने तीस वर्षं त्या सायकलच्या कॅरिअरवर बसून बाजार केला तिला दोन इंचांचा फरक कळणार नाही का?

आठव्या दिवशी दार वाजवलं आणि सांगितलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या. मला वाटलं आता पाणी आणतील किंवा दार लावतील. त्या नानांचा पंप घेऊन आल्या. पायाने दाबून धरायचा, लाकडी मुठीचा जुना पंप. म्हणाल्या, "मग आता हा ठेवून मी काय करू? तुम्ही न्या. सगळ्यांना होईल."

पार्किंगमध्ये खांबाला साखळीने बांधलेला पंप तुम्ही सगळे वापरता तो हाच. गेल्या अकरा वर्षांत त्याचा चामड्याचा वायसर मी तीनदा बदललाय. मूठ नानांचीच आहे.

हे आज का सांगतोय? कारण येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर दोन विषय आहेत. एक, पुन्हा एकदा बेवारस सायकली काढणे. दोन, सायकल स्टँड काढून तिथे दोन चारचाक्यांची सोय करणे. ज्यांना गाडी रस्त्यावर लावावी लागते त्यांची अडचण मला समजते, त्यांच्या गाडीचा आरसा दोनदा कोणी तोडला तेही मला माहीत आहे. त्यावर सभेत बोलूच. पण त्याआधी मी आणि सी-विंगमधली दोन मुलं अशा आम्ही तिघांनी एका रविवारी पार्किंगमधल्या सगळ्या 'बेवारस' सायकली तपासल्या. तेवीस निघाल्या. त्यांतल्या अकरांना फक्त हवा आणि तेल पाहिजे होतं. पाच जणींची जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवरची रबरी नळी कुजली होती. दोन-चार रुपयांची ती नळी. ती गेली की पंक्चर नसतानाही हवा राहत नाही. व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघा, बुडबुडा आला की समजा. चारांना ट्यूब किंवा टायर नवं लागेल. खरोखर भंगार म्हणाव्यात अशा तीन.

सायकल गंजून मरत नाही, बसलेल्या चाकावर उभी राहून मरते. हवा नसली की सगळं वजन टायरच्या कडेवर येतं, तिथे चिरा पडतात, आणि मग माणूस म्हणतो, जाऊ दे, आता खर्च नको. महिन्यातून एकदा पंपाचे वीस दट्टे मारले तर हे होत नाही.

मग आम्ही दारं वाजवली. एकोणीस मालक सापडले. काहींना ती आपली आहे हेच आठवत नव्हतं. एका घरात मुलगा जर्मनीत असतो, त्याला आईने फोटो पाठवला तर तिकडून रात्री फोन आला, विकू नकोस म्हणून. तिघांनी सायकली देऊन टाकल्या. एक आपल्या वॉचमननी घेतली, ते शिवण्याहून येतात, आधी दोन बस बदलून यायचे. एक ए-विंगमध्ये पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या मुलीने घेतली, शाळेसाठी. तिसरीचे भाग काढून बाकीच्यांना लावले.

म्हणजे स्टँडवर आज उभं राहणारं कोण आहे ते बघा. वॉचमन, मावशी, पेपरवाला मुलगा, शाळेची पोरं आणि मी. आमच्यातल्या निम्म्या लोकांना सभेत मत नाही. चेअरमनसाहेब, मी मतासाठी बोलत नाहीये, तुम्ही हसताय ते दिसतंय मला. पण ठराव काहीही होवो, त्यात एक ओळ घाला अशी माझी विनंती आहे: मालकाचं दार वाजवल्याशिवाय, आणि तो गावाला असेल तर फोन केल्याशिवाय, एकही सायकल गेटबाहेर जाणार नाही. नोटीस पुरे नाही. हे मी नोटिशीवर सही केलेला माणूस म्हणून सांगतोय.

दहा मिनिटं होऊन गेली, सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत. जाता जाता एक निवेदन. पंप वापरून झाल्यावर दट्टा खाली दाबून ठेवावा, उघडा राहिला तर धूळ जाते. आणि पंपरूमजवळ एक छोटी निळी सायकल आहे, पुढे प्लॅस्टिकची टोपली असलेली. तिच्या मागच्या चाकाचा आऊट मी काढून ठेवलाय, ब्रेकही बदललेत. चार मालक अजून सापडलेले नाहीत, त्यांतली ही एक. कोणाच्या मुलीची असेल तर तिने येऊन घेऊन जावी. सीट थोडी वर करावी लागेल, ती आता मोठी झाली असेल.