पाणवठ्यावर कुठे बसायचं?

आजचा विषय आहे शिकारीची जागा. म्हणजे रानात जनावर दिसेल अशी नेमकी जागा कशी निवडायची.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार बंद आहे. ससा असो, तितर असो, नाहीतर रानडुक्कर. काळवीट मारलं तर किमान ३ वर्षं कैद, ती ७ वर्षांपर्यंत जाऊ शकते, वर किमान २५,००० रुपये दंड. डुकरं हरभरा, सोयाबीन उद्ध्वस्त करतात हे खरं आहे. पण त्यासाठी वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि तशा परवानगीने मारलेलं जनावरसुद्धा सरकारजमाच होतं. तेव्हा बंदूक, फासे, करंटची तार हे सगळं बाजूला ठेवू. जुन्या शिकाऱ्यांकडे जागा ओळखायची जी विद्या होती, ती मात्र घेऊ. ती कॅमेऱ्यालाही तेवढीच कामाची आहे.

पहिली गोष्ट पाणी. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळं पाण्याभोवतीच फिरतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. माणसांसाठी रेल्वे आली, जनावरांना मात्र तेच आटत चाललेलं डबकं. म्हणून पाणवठा सापडला की लगेच काठावर बसू नका. आधी दुपारी जाऊन चिखल वाचा. दोन खुरांच्या मागे छोट्या नखांचे ठसे असतील तर बहुधा रानडुक्कर. आजूबाजूची जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असेल तर नक्कीच. एकाच जागी लेंड्यांचा ढीग दिसला तर रोही किंवा काळवीट. पाण्याकडे येणारी पायवाट कोणती ते बघा, आणि त्या वाटेवर कधीच बसू नका.

दुसरी गोष्ट वारा. जनावर डोळ्यांआधी नाकाने ओळखतं. चिमूटभर माती सोडा आणि कुठे उडते ते बघा. वारा पाण्याकडून तुमच्या तोंडावर आला पाहिजे. आता इथे एक गंमत होते. संध्याकाळी वारा पश्चिमेकडून असेल आणि फोटोसाठी तुम्ही सूर्य पाठीशी घेतला, तर तुमचा वास थेट पाण्यावर जातो. फोटो झकास येईल, पण जनावरच येणार नाही. अशा वेळी वारा आधी, उजेड नंतर.

तिसरी गोष्ट आडोसा. इथे नांदेड आणि लातूर वेगळे पडतात. किनवट-माहूरकडे सागाचं जंगल आहे, पैनगंगा अभयारण्य आहे. झाडाच्या खोडाला पाठ लावून, हालचाल न करता बसलात तरी आकार लपतो. अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय शिरायचं नाही. लातूर जिल्ह्यात जंगल १ टक्कासुद्धा नाही. तिथली काळविटं उघड्या माळावर, शेतात असतात, आणि त्यांची नजर फार लांबची. तिथे सरपटत जवळ जाण्यात काही अर्थ नाही. मालकाला विचारून बांधाच्या आड, निदान १०० पावलं लांब बसा. ते स्वतःहून चरत जवळ आलं तर तुमचं नशीब.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मे महिन्यात एखाद्या जनावराला दिवसभरात पाणी प्यायची एकच वेळ मिळत असेल. तुम्हाला बघून ते बुजून परत गेलं, तर पुढचं पाणी कदाचित कित्येक किलोमीटरवर. रस्ता ओलांडायचा, कुत्री मागे लागायची. चुकीची जागा निवडली तर गोळी न झाडताही जीव जाऊ शकतो. म्हणून जनावर बिचकतंय असं वाटलं की आवाज न करता मागे सरका आणि निघा.

आणि हो, फोन. चांगली जागा सापडली की रील टाकायचा मोह होतो. टाका, पण दोन-चार आठवड्यांनी, आणि गावाचं नाव, लोकेशन काढून. तुम्ही चार दिवस राबून शोधलेला पाणवठा फासे लावणाऱ्याला घरबसल्या मिळतो. कुठे फासे किंवा करंटची तार दिसली तर हात लावू नका, १९२६ वर ‘हॅलो फॉरेस्ट’ला कळवा.

सुरुवात करायची असेल तर बुद्ध पौर्णिमेची रात्र बघा. वनविभाग त्या रात्री मचाणावरून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची नोंद ठेवतो, आणि बऱ्याच ठिकाणी आपल्यासारख्यांनाही नाव नोंदवून बसता येतं. चांदणं असतं, मचाणाची जागा जाणकारांनी आधीच निवडलेली असते. एक रात्र तिथे काढा, आणि ती जागा तिथेच का निवडली असेल याचा विचार करा. वारा, वाट, पाणी, सगळं हळूहळू लक्षात येईल.

भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी जपून वापरा.